कलिन्यात चोरीस टिकवताना

आजचा भाग मी घरातच रेकॉर्ड करतेय, सांताक्रूझ पूर्वेला, कलिन्यात. त्यामुळे मधेच डोक्यावरून विमान गेलं तर चालवून घ्या. आमच्या कानांना ते आता ऐकूच येत नाही, पण माइकला येतं.

आजचा विषय जरा वासाचा आहे. फ्रिज उघडला की ज्याच्या वासाने अर्धं घर नाक मुरडतं आणि अर्धं घर पाव आणायला पळतं, तो चोरीस. म्हणजे गोवा सॉसेज. लालभडक मण्यांची माळ, दुकानात तारेला लटकवलेली असते ती. तो घरी आणल्यावर टिकवायचा कसा, एवढंच आज बोलायचंय. "एवढंच" म्हणतेय खरी, पण या एवढ्याशा गोष्टीवरून आमच्या घरात दोन दिवस अबोला झालाय.

तुम्ही पोर्क खात नसाल तर लगेच ॲप बंद करू नका. तुमच्या घरी सुकट असेल, सुके बोंबील असतील, पापड-कुरडया असतील. नियम बरेचसे तेच आहेत.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पप्पा इथलेच, कलिन्याचे ईस्ट इंडियन. कलिन्याचं जुनं नाव कोळे-कल्याण, आणि आमच्या घरी बोलतात ती मराठीच, थोडी आमच्या वळणाची. मम्मी गोव्याची, बार्देसमधली. मम्मीची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, म्हापशाजवळच्या गावात राहते आणि दरवर्षी एप्रिलमध्ये घरी चोरीस करायची. करायची, असं म्हणतेय, त्याकडे लक्ष ठेवा.

आता चोरीस म्हणजे काय ते पटकन. डुकराचं मांस आणि चरबी, दोन्हीचे बारीक तुकडे. मिक्सरमधून काढलेला खिमा नाही हं, तुकडेच. त्याला भरपूर मीठ चोळायचं आणि वर वजन ठेवून दाबायचं. मिठाने आतलं पाणी सुटतं, वजनाने ते बाहेर पडतं. मग सुकी लाल मिरची, लसूण, आलं, हळद, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हे सगळं माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटायचं. माडाचं व्हिनेगर म्हणजे माडाची सूर आंबवून केलेलं. त्या मसाल्यात मांस मुरवायचं, धुतलेल्या आतड्यात भरायचं, दोऱ्याने गाठी मारून मणी करायचे आणि उन्हात टांगायचं. मग चुलीवर धुराला. बारीक मण्यांच्या माळेला रोझरीची उपमा देतात, कारण ती दिसतेच तशी.

आणि हे सगळं एप्रिल-मे मध्येच का? कारण गोव्यात पावसाळ्याची बेगमी तेव्हा करतात. तिला तिथे शब्द आहे, पुरुमेंत. मूळ पोर्तुगीज. सुकी मासळी, मीठ, कोकमं, मिरच्या, कांद्याच्या माळा, चोरीस, सगळं मे संपायच्या आत घरात यायला हवं. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताची जी फेरी भरते, तिचं नावच पुरुमेंताचं फेस्त. समुद्र बंद, रस्ते चिखलाचे, बाजार नाही, अशा दिवसांसाठी हा साठा. म्हणजे चोरीस ही मुळात आवड म्हणून केलेली वस्तू नव्हे, पावसाळ्यात टिकावी म्हणून केलेली वस्तू आहे. हे मी लहानपणापासून ऐकलंय आणि याच वाक्याने मला फसवलं.

त्याआधी २००५ सांगायला हवं.

२६ जुलै २००५. तुमच्यातले बरेच जण तेव्हा लहान असतील, काही जण जन्मलेही नसतील. त्या दिवसाचा तो प्रसिद्ध आकडा, २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, तो सांताक्रूझच्या वेधशाळेचा आहे. त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर. दक्षिण मुंबईत लोक छत्री घेऊन ऑफिसातून निघाले आणि इकडे कलिना, एअर इंडिया कॉलनी, वाकोला पाण्याखाली. मी तेव्हा नऊ वर्षांची. आमचं घर जुनं, बैठं, मंगळुरी कौलांचं. पाणी पप्पांच्या कमरेपर्यंत आलं. आम्ही शेजारच्यांच्या माळ्यावर रात्र काढली.

पाणी उतरल्यावर घरात आलो तर फ्रिज आडवा. वीज किती तरी दिवस नव्हती. फ्रिजमधलं सगळं टाकलं. डाळ-तांदळाच्या डब्यांत पाणी. आणि मोरीशेजारी, जिथे आंघोळीचं पाणी तापवायची चूल होती, तिच्यावर वाशाला मावशीची माळ जशीच्या तशी लटकत होती. कोरडी. पाण्याला लागलीही नव्हती. मम्मीने रॉकेलच्या स्टोव्हवर कांदा घालून ती केली आणि वाडीतल्या चार घरांनी त्या दिवशी तेवढंच गरम खाल्लं. माझ्या आईच्या डोक्यात ती माळ म्हणजे जवळजवळ देवाची करणी आहे. फ्रिज मेला, चोरीस जगला. हे वाक्य आमच्याकडे दर जुलैला ऐकायला मिळतं.

आता २०२२. जुनं घर पाडून त्या जागी बिल्डिंग झालेली, आम्ही चौथ्या मजल्यावर. मे महिन्यात मावशीचा फोन आला की यंदाची माळ पाठवतेय, आणि ही शेवटची. हात चालत नाहीत, वजन उचलवत नाही, गाठी मारताना बोटं आखडतात. माळ बसने आली. स्लीपर बसवाल्याने वाकोल्याच्या पुलाखाली पिशवी हातात दिली. प्लास्टिकच्या पिशवीत, वर आणखी एक प्लास्टिकची पिशवी, वर चिकटपट्टी. बसमध्ये वास सुटू नये म्हणून.

ताई तेव्हा सातव्या महिन्यात होती आणि तिला डोहाळे लागले होते तेही चोरीस-पावाचेच. ती जूनच्या तिसऱ्या आठवड्यात यायची होती. म्हणून आम्ही माळेला हात लावला नाही. मम्मी म्हणाली टांग, तो टांगलेलाच टिकतो. मी किचनमध्ये पडद्याच्या रॉडला टांगली. पण वास फार येतो म्हणून, आणि बिल्डिंगमध्ये कोणी काही बोलायला नको म्हणून, ती प्लास्टिकची पिशवी तशीच वर चढवून ठेवली. हे माझं डोकं.

मधे पाऊस सुरू झाला. ताई आली त्या शनिवारी पिशवी काढली तर आतून पाण्याचे थेंब. माळ बोटाला चिकट. गाठींच्या खाचांत हिरवट बुरशी, केसाळ. आणि वास, तो आपला आंबट-तिखट वास नव्हता. त्याच्या खाली काहीतरी कुबट होतं.

मम्मीचं म्हणणं, व्हिनेगरने पूस, उन्हात, म्हणजे ऊन नाहीच तर पंख्याखाली धर, आणि खरपूस तळ. आम्ही असंच करत आलोय, कोणी मेलं नाही. आणि ही माझ्या बहिणीची शेवटची माळ आहे. माझं म्हणणं, ताई सात महिन्यांची आहे. ताई बिचारी मधे बसून पावाकडे बघतेय. मी आवाज चढवला, मम्मीने चढवला. शेवटी मी मावशीला फोन लावला. लावताना हात थरथरत होते खरंच, कारण तिने आखडलेल्या बोटांनी केलेली वस्तू मी तीन आठवड्यांत घालवली, हे तिला सांगायचं होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. एवढंच विचारलं, "बाय, पोंदा चूल आसा?"

खाली चूल आहे का?

मी म्हटलं, मावशी, चौथा मजला आहे, पाइपचा गॅस आहे. ती म्हणाली, "मगीर उडय ती." मग टाकून दे. स्पीकरवर होता फोन. मम्मी उठून आतल्या खोलीत गेली. मी माळ वर्तमानपत्रात बांधून टाकली. नंतरचे दोन दिवस घरात भांड्यांचेच आवाज.

त्या एका प्रश्नाने मला जेवढं कळलं तेवढं नंतर वाचून कळलं नाही, पण वाचलं मात्र भरपूर. ते सांगते.

आपण म्हणतो ना, पावसाळ्यात पापड सादळला. म्हणजे काय होतं? पापड हवेतलं पाणी पितो. चोरीसही पितो. मांसात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी मोकळं आहे, जंतूंना वापरता येईल असं आहे, ते महत्त्वाचं. शास्त्रात यासाठी एक मोजमाप आहे, शून्य ते एक. शुद्ध पाणी म्हणजे एक. ताजं मांस ०.९९ च्या आसपास. मीठ घातलं, सुकवलं की हा आकडा उतरतो. ०.८५ च्या खाली गेला की आजार देणारे बहुतेक जंतू वाढू शकत नाहीत. बुरशी मात्र त्याहून खालीही तग धरते. म्हणून सुकवलेल्या पदार्थावर पहिली हजेरी बुरशीच लावते.

आता गंमत बघा. हवेची आर्द्रता ८५ टक्के असेल, तर तिच्यात नुसती उघडी ठेवलेली वस्तू हळूहळू त्याच ०.८५ कडे सरकते. जास्त ओली असेल तर सुकते, जास्त सुकी असेल तर सादळते. आणि सांताक्रूझच्या वेधशाळेत जुलैची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते, पावसाच्या दिवशी त्याहून कितीतरी वर. म्हणजे मावशीने महिनाभर उन्हात घालवून जो आकडा खाली आणला, तो कलिन्याची हवा फुकटात वर नेते. प्लास्टिकची पिशवी तर त्याहून वाईट. आतलं पाणी बाहेर पडतं, पिशवीला थेंब होऊन चिकटतं आणि परत मण्यांवर ओघळतं. त्यात आपल्या किचनमध्ये कुकरची वाफ, भाताची वाफ.

मग गोव्यात काय कमी पाऊस पडतो? नाही. तिथे आर्द्रता आपल्यापेक्षा कमी असते का? तीही नाही. पण माळेच्या खाली सकाळ-संध्याकाळ चूल पेटते. माळ रोज गरम होते, सुकते, आणि धूर लागतो. धुरात जे घटक असतात ते पृष्ठभागावर बुरशी धरू देत नाहीत, चरबी खवट व्हायलाही वेळ लावतात. नागालँडमध्ये डुकराचं मांस चुलीवर टांगतात तेही यासाठीच. आमच्या जुन्या घरात बंबाची चूल होती, म्हणून २००५ ची माळ टिकली होती. देवाची करणी म्हणा, पण लाकडं पप्पा आणायचे.

तर आता करायचं काय? माझं आताचं शहाणपण सांगते, जे त्या माळेच्या किमतीवर आलंय.

चोरीस घरी आला की पहिलं काम, प्लास्टिकमधून बाहेर काढा. लगेच, त्याच रात्री. मग दाबून बघा. मणी खारकेसारखा कडक लागतो का, की भिजल्या खजुरासारखा मऊ? यावर पुढचं सगळं ठरतं. हल्ली बाजारात जो मिळतो त्यातला बराचसा मऊ असतो. वाळवायला महिना कोण घालवणार, आणि वाळला की वजन घटतं, विकणाऱ्याला ते परवडत नाही. मऊ माळ म्हणजे मसाला लावलेलं कच्चं मांस, असंच धरून चाला. ती टांगायची नाही, कुठल्याच महिन्यात नाही. थेट फ्रिज, आणि आठवड्याभरात खायची नसेल तर थेट फ्रीझर.

खरोखर कडक, घरी वाळवलेली माळ मिळाली आणि दिवस डिसेंबर-जानेवारीचे असतील, तर टांगायला हरकत नाही. वारा खेळेल अशा जागी, सावलीत, शेगडीपासून लांब, मणी एकमेकांना आणि भिंतीला न टेकता. थेट ऊन दिवसच्या दिवस नको, चरबी पाझरते आणि खवट होते. मी तेव्हाही दोन-तीन आठवड्यांच्या पुढे ताणत नाही. आणि मे उजाडला की टांगणं बंद.

कोल्ड स्टोरेजमधून पाकीट आणलंत तर पाकिटावर जे लिहिलंय ते वाचा. दुकानदाराने ते फ्रिजमधून काढून दिलं असेल तर ते तुमच्या घरीही फ्रिजमध्येच जायला हवं, रिक्षात अर्धा तास आणि मित्राच्या घरी दोन तास असं नाही. सलामी, फ्रँकफर्टर, कॉकटेल सॉसेज ही वेगळी जात आहे. ती टिकवण्यासाठी केलेलीच नाहीत, त्यांच्याबद्दल आज बोलत नाही.

फ्रिजमध्ये ठेवताना कागद. ब्राउन पेपर किंवा बटर पेपर, नाहीतर स्वच्छ सुती कापड. वर्तमानपत्राची शाई मांसाला लागू देऊ नका. कागदात गुंडाळून मग डब्यात. कागद ओला झाला की बदला, तो ओला होतोय म्हणजे काम करतोय. फ्रिजच्या दारात ठेवू नका, दार दिवसातून तीस वेळा उघडतं. आत मागच्या बाजूला ठेवा. फ्रिजचं तापमान ५ अंशांच्या खाली हवं. एक छोटा थर्मामीटर घेऊन आत ठेवा एकदा. आमचा फ्रिज ९ दाखवत होता आणि आम्ही दोन वर्षं त्याला "मस्त चालतोय" म्हणत होतो.

फ्रीझरसाठी दहा-बारा मण्यांची एकेक पुडी करा, एका वेळेला लागेल एवढी. कागद, वरून पिशवी, हवा दाबून काढलेली, आणि मार्करने तारीख. इथे पिशवी चालते, कारण उणे १८ अंशांना काही वाढत नाही. पण लक्षात ठेवा, फ्रीझरमध्ये जंतू थांबतात, मरतातच असं नाही. आणि चरबीचं खवट होणं तिथेही हळूहळू चालू राहतं. म्हणून मी दोन-तीन महिन्यांत संपवते. काढायची पुडी आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, एखाद्या वाटीत. ओट्यावर नाही. आणि एकदा ओट्यावर वितळलेली पुन्हा गोठवायची नाही.

लाइट गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण ४ तास थंडावा धरतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. दर दहा मिनिटांनी उघडून "अजून गार आहे का" बघू नका, त्याच सवयीने तो गरम होतो. आणि पुराचं पाणी ज्याला लागलं ते टाकायचं, पाकीट कितीही घट्ट वाटलं तरी. हे मी २००५ बघितलेली म्हणून सांगतेय.

आता एक जरा गंभीर गोष्ट, पण रंजक आहे. बरेच जण मला मेसेज करून विचारतात, की मग बरणीत तेलात किंवा चरबीत बुडवून ठेवला तर? किंवा व्हॅक्यूम पॅक करून कपाटात? हवाच नाही म्हणजे बुरशी नाही.

बुरशी नाही, बरोबर. पण दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत, वुर्टेंबर्गमध्ये, सॉसेज खाऊन माणसं मरत होती. नजर अंधुक होणं, गिळता न येणं, मग श्वास थांबणं. तिथला एक सरकारी डॉक्टर, युस्टिनुस केर्नर, कवीही होता हा माणूस, त्याने या सगळ्या केसेस गोळा केल्या आणि १८२० आणि १८२२ मध्ये त्यावर लिहिलं. सॉसेजमधून काढलेलं ते विष त्याने स्वतःवरही थोडं थोडं करून पाहिलं. असले प्रयोग घरी नकोत. त्याच्या लक्षात आलं की हे विष हवा नसते तिथे तयार होतं. पुढे १८९५ मध्ये बेल्जियममध्ये एका अंत्ययात्रेनंतरच्या जेवणात हॅम खाऊन वादक मंडळी आजारी पडली आणि एमिल व्हान एरमेंगेम याने त्या हॅममधून तो जंतू शोधला. आजाराचं नाव बोटुलिझम, लॅटिन बोटुलस वरून. बोटुलस म्हणजे सॉसेज. आणि हो, चेहऱ्यावर सुरकुत्या घालवायला जे बोटॉक्स टोचतात ते याच विषापासून बनतं. म्हणजे बोटॉक्सच्या नावातसुद्धा सॉसेज आहे.

तर मऊ, ओलसर चोरीस तेलाखाली किंवा व्हॅक्यूममध्ये घालून बाहेर ठेवणं म्हणजे या जंतूला हवी तशी खोली भाड्याने देणं. मीठ आणि व्हिनेगर त्याला अडवतात, पण तुमच्या माळेत ते पुरेसं आहे का हे जिभेने कळत नाही. या विषाला वास नसतो, चव नसते. त्यामुळे व्हॅक्यूम पॅक हवं तर करा, पण जागा त्याची फ्रिज किंवा फ्रीझरच.

टाकायचा केव्हा? पाकीट फुगलं असेल तर. बोटाला बुळबुळीत लागला तर. हिरवी, काळी, केसाळ बुरशी असेल तर. युरोपातल्या काही सलामीवर पांढरी पूड असते ती मुद्दाम लावलेली, निवडलेली बुरशी असते. आपल्या माळेवरची आपण निवडलेली नसते. कधी कधी पांढरे कण दिसतात ते मिठाचे किंवा गोठलेल्या चरबीचे असतात. बोटाच्या उबेने विरघळले तर चरबी, जिभेला खारट तर मीठ. पण चाटून बघायच्या आधी वास घ्या, प्लीज. नुसता खवट झाला असेल, जुन्या शेंगदाण्यासारखा, तर तो धोक्याचा कमी आणि वैतागाचा जास्त. मी तोही टाकते. खवट चोरीस कितीही कांदा घातला तरी सुधारत नाही.

आणि शिजवायचा कसा, यावर दोन वाक्यं, कारण इथेही गफलत होते. गोव्याचा चोरीस कच्चा असतो. परदेशी सुक्या चोरिझोसारखा चकत्या करून तसाच खायचा नसतो. आणि मिरचीमुळे तो आधीच लाल असतो, म्हणून आतून शिजला की नाही हे रंगावरून कळत नाही. मणी फोडून आतडं काढून टाका, थोडं पाणी आणि भरपूर कांदा घालून मंद आचेवर झाकून ठेवा. तेल घालू नका, त्याचंच इतकं सुटतं की बटाटा त्यात तळून निघतो. थर्मामीटर असेलच तर ७१ अंश.

मम्मीचं काय झालं, असं विचाराल. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच बोलली. म्हणाली, मोरीवरची चूल मीच बंद करायला लावली होती, धुराने डोळे चुरचुरायचे. पुढे काही नाही. चहा ठेवला. ताईला बाळ झाल्यावर चोरीस-पाव मिळाला, मुलगी आता तीन वर्षांची आहे आणि तिला चीज सँडविच आवडतं.

मावशी आता करत नाही. मी वर्षातून एकदा जाते, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तिला सोबत घेऊन. ती काठी टेकत एकेका विक्रेत्या बाईपुढे उभी राहते, मणी दाबते, गाठीपाशी नाक नेते. गाठीतच आधी ओल धरते म्हणे. सहा जणींना नापास करते, सातवीशी घासाघीस करते. तिथून परतताना माळ आता कागदात आणि कापडी पिशवीत असते, खाली बर्फाच्या दोन पिशव्या. बसवाला कुरकुरतो.

या मे महिन्यात मी पुड्या करून, तारखा घालून, फ्रीझर लावून त्याचा फोटो मावशीला पाठवला. चौदा पुड्या, ओळीने. मला वाटलं शाबासकी मिळेल. संध्याकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला, अकरा सेकंदांचा. आधी नुसता श्वास, मग मागे कोंबडा, आणि मग ती,

"बरें केलेंय गो. पूण आयस्क्रीम खंय दवरतां?"